बाकीचं सगळं

१

सकाळी साडेआठला किशोरी आपल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसली, की तिला हाक मारायची कुणाची टाप नव्हती. निदान तिला तसं वाटायचं. प्रत्यक्षात पावणेनऊला सुगंधाआत्या घावण्यांची ताटली आणून आदळायची, नऊला शेजारची कोंबडी खिडकीतून आत यायची, आणि साडेनऊला बाबा दारात येऊन म्हणायचे, "गो किशोरी, काम चालू आसा मां? मगे बस तू. मी काय्येक बोलूचंय नाय." आणि मग पंधरा मिनिटं तिथेच उभे राहून बोलायचे.

दोन वर्षांपूर्वी पुण्याची नोकरी सोडून ती आचऱ्याला परत आली होती, स्वतःच्या हिमतीवर वेबसाइट बनवायच्या म्हणून. तिचा धंदा नक्की काय हे गावात कुणालाच धड सांगता यायचं नाही. बाबा, म्हणजे हरिश्चंद्र, लेकीबद्दल अभिमानाने सांगायचे, "आमचा चेडू कॉम्प्युटरचा काम करता." त्याचा परिणाम इतकाच झाला, की दोघा-तिघांनी तिला टीव्ही दुरुस्त करायला बोलावलं.

घरी बसून काम करणं दिसतं तेवढं सोपं नाही. डोक्यावर साहेब नसतो, म्हणजे आळसाला रान मोकळं. किशोरीने सगळे उपाय करून बघितले. पहाटे पाचला उठून बघितलं, सातला पुन्हा झोपली. फोन तांदळाच्या डब्यात पुरून बघितला, आत्याने तो धुतल्या तांदळाबरोबर जवळजवळ शिजवला. शेवटी दोन गोष्टी टिकल्या. एक म्हणजे स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ: पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी. त्या पाच मिनिटांचा अर्धा तास कधी व्हायचा हे तिला कळायचं नाही, तो भाग वेगळा. आणि दुसरी गोष्ट म्हणजे पिवळा कागद. काम उरकलं, की उद्याच्या तीन गोष्टी आजच त्यावर लिहायच्या आणि कागद स्क्रीनच्या कडेला चिकटवायचा. सकाळी डोकं चालवायचं नाही. कागद सांगेल ते करायचं.

त्या कागदाने तिला खरंच माणसात आणलं. तिचं काम सुधारलं, हात बसला, आणि एक दिवस पुण्याच्या प्राजक्ता मॅडमचा फोन आला. किनाऱ्यावरच्या घरगुती निवासांचं बुकिंग करणारी त्यांची कंपनी होती. नव्या साइटचा नमुना रविवार संध्याकाळपर्यंत पुरा करून द्यायचा, आवडला तर वर्षभराचं काम किशोरीचं. नाही आवडला, तर पुण्यातल्या एका ऑफिसाचं नोकरीचं पत्र येऊन पडलं होतं आणि सोमवारी त्याला उत्तर द्यायचं होतं. किशोरीला जायचं नव्हतं. हे ती बाबांना बोलली नव्हती आणि बाबांनी विचारलंही नव्हतं. पण ते हल्ली रोज संध्याकाळी तिच्या खोलीची खिडकी पुसायला लागले होते, आणि पुसून झाली तरी तिथेच घुटमळत राहायचे.

आणि नेमकी त्याच आठवड्यात गावपळण लागली.

२

गावपळण म्हणजे काय ते आचऱ्यात कुणी कुणाला शिकवत नाही. तीन-चार वर्षांनी देवाचा कौल होतो आणि अख्खं गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतं. हिंदू, मुसलमान, सरपंच, मास्तर, गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या, सगळी. गावात चिटपाखरू ठेवायचं नाही. का, म्हणून विचारलं तर प्रत्येक जण वेगळं कारण सांगतो, आणि कुठल्याही कारणाने कुणाचं जेवण अडत नाही. खाडीपलीकडच्या माळावर झावळ्यांच्या खोपी पडतात, तीन दगडांच्या चुली पेटतात, आणि एरवी बांधाच्या वितीवरून भांडणारे लोक एकमेकांना सुकटीची चटणी वाढतात. भात कापून झालेलं असतं, हवेत गारवा असतो. सुख म्हणतात ते हेच.

किशोरीची अडचण एवढीच, की तिचा कॉम्प्युटर म्हणजे दोन मोठे स्क्रीन आणि खाली एक ट्रंकेएवढी पेटी. ते धूड माळावर नेऊन वीज कुठून आणणार? तिने तोड काढली. घरचा कॉम्प्युटर चालूच ठेवायचा, वीज गेली तर इन्व्हर्टर होताच, आणि माळावरून फोनच्या नेटवर, टेम्पोच्या बॅटरीवर चार्ज होणाऱ्या जुन्या लॅपटॉपने त्याच्यात शिरायचं. म्हणजे खोपीत बसून घरचा स्क्रीन जसाच्या तसा समोर दिसणार, इथून बोट हलवलं की तिथे बाण हलणार. शिवाय प्राजक्ता मॅडमनी त्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम टाकायला लावला होता. दर दहा मिनिटांनी स्क्रीनचं एक चित्र आपोआप त्यांच्याकडे जायचं. माणूस काम करतो की झोपा काढतो, हे त्यांना तिकडे कळायचं.

गुरुवारी दुपारी निघायची घाई चालली होती आणि सुगंधाआत्या मात्र निवांत बसून उशीचा अभ्रा शिवत होती. त्याआधी तिने अर्धा खवलेला नारळ सगळा खवून टाकला होता, अर्धा ओवलेला फुलांचा वळेसर पुरा करून देवाला वाहिला होता.

"आत्या, टेम्पो इलो गो. तो मगे शीव."

"अर्धा काय ठेवून जावचा नसता," आत्या दोरा तोडत म्हणाली. "तुझा काय अर्धा रवला असात तर पुरा कर, नायतर झाकून तरी ठेव."

"कित्याक?"

"माझ्या आवशीन, तुझ्या आजयेन, माका सांगलेला, मी तुका सांगतंय. कित्याक ता तिनाय सांगूक नाय."

शिवलेला अभ्रा आत्याने किशोरीच्या खुर्चीतल्या उशीवर चढवलं. उशी टम्म फुगून बसली. देवळाकडून नौबत ऐकू यायला लागली, टेम्पोवाला सत्यवान हॉर्नवर हात ठेवून बसला होता. किशोरीने सवयीने पिवळा कागद ओढला. काम उरकलं की उद्याचा कागद लिहायचा. पहिलं, बुकिंगचं पान पुरं करणे. दुसरं, फोटो हलके करून साइटवर चढवणे. तिसरं काय लिहावं याचा विचार करायला वेळ नव्हता. तिने लिहिलं, "बाकीचं सगळं." कागद स्क्रीनला चिकटवला, मागचं दार लावलं आणि धावत सुटली.

३

शुक्रवारी सकाळी साडेनऊला, पोटात तीन घावणे आणि चुलीवरचा चहा गेल्यावर, किशोरी खोपीत लॅपटॉप उघडून बसली. बाहेर पोरं कबड्डी खेळत होती. घरचा स्क्रीन समोर उघडला आणि तिला बरं वाटलं. सगळं जागच्या जागी होतं.

बुकिंगचं पान पुरं झालेलं होतं.

तिने ते दोनदा वाचलं. बुधवारी ती जिथे अडकली होती ती तारखांची भानगड अगदी सरळ सुटली होती, इतकी सरळ, की आपल्याला हे का सुचलं नाही याची तिला लाज वाटली. मग तिने स्वतःची समजूत काढली. बुधवारी रात्री अर्धवट झोपेत केलं असेल. माणूस दमला की करतो आणि विसरतो.

कोपऱ्यातलं घड्याळ चालू होतं. अठरा मिनिटं झाली होती. गुरुवारी आपण ते बंद केलं होतं का? आठवेना.

तेवढ्यात बाण हलला. तिचं बोट लॅपटॉपवर नव्हतंच, एका हातात कप होता आणि दुसरा हात माशी वारत होता. बाण संथपणे वर गेला, फोटोंचा फोल्डर उघडला आणि एकेक फोटो निवडायला लागला. घाई नाही, चूक नाही. चांगला सरावाचा माणूस भाजी निवडतो तसं.

"नेटची ओढाताण," किशोरी मोठ्याने म्हणाली. असं होतं कधी कधी. खेच पडली की बाण आपोआप सरकतो. ती घरच्या कॉम्प्युटरातून बाहेर पडली, पुन्हा शिरली. अर्धे फोटो चढलेले होते.

पंचवीस मिनिटं झाली, घड्याळ सुट्टीवर गेलं. बाण थांबला. बरोबर पाच मिनिटं तो जागचा हलला नाही. सहाव्या मिनिटाला पुन्हा कामाला लागला.

४

दोन खोपी सोडून मुबश्शिराची खोप होती. मुबश्शिरा किशोरीची शाळेपासूनची मैत्रीण, आणि आता धंद्यातली जोडीदार. साइटचं रूपडं मुबश्शिराने काढायचं आणि यंत्र किशोरीने जोडायचं, अशी त्यांची वाटणी. ती आपल्या अम्मीसोबत बांगडे साफ करत होती.

"मुबी, तू माझ्या कॉम्प्युटरात शिरलंस काय गो?"

"ह्या हातांनी?" मुबश्शिराने खवल्यांनी चमकणारे हात दाखवले. मग हात धुऊन आली आणि दोघी लॅपटॉपपुढे बसल्या. बाण शेवटचा फोटो चढवत होता.

"हॅकर आसतलो कोणतरी," ती शेवटी म्हणाली.

"हॅकर कोणाचा काम करून देता?"

"बरो हॅकर आसतलो."

दोघी हसल्या. खरं सांगायचं तर त्या दिवशी किशोरीला भीतीपेक्षा आनंदच जास्त झाला होता. रविवारचं काम शुक्रवारी दुपारी हातावेगळं. असला हॅकर रोज मिळाला तर तिने त्याला घावणे वाढले असते. आणि शनिवारी सकाळी प्राजक्ता मॅडमचा निरोप आला: "किशोरी, अशी एकाग्रता मी आजवर पाहिली नाही. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती, सेकंदाचा फरक नाही. हीच गती ठेवा."

"हीच गती ठेव म्हणतत," मुबश्शिरा म्हणाली. "खंयसून ठेवतलंस?"

मग तीच म्हणाली, की घरच्या कॉम्प्युटरला कॅमेरा आहे ना, तो उघडून बघ. एवढं साधं किशोरीला सुचलं नव्हतं, किंवा सुचवून घ्यायचं नव्हतं. तिने कॅमेरा उघडला.

खोली दिसली. सकाळचं ऊन पुसलेल्या खिडकीतून आत आलं होतं. मागचं दार लावलेलं. खुर्ची टेबलाशी ओढलेली आणि रिकामी.

"बघ, कोण नाय," किशोरी म्हणाली आणि तिला हायसं वाटलं.

"उशी बघ," मुबश्शिरा म्हणाली.

आत्याने गुरुवारी चढवलेल्या नव्या अभ्र्याची उशी मधोमध खोल दबलेली होती. कडा वर आलेल्या, कापडाला चुण्या पडलेल्या. बाण स्क्रीनवर फिरत होता. घड्याळाचं पंचविसावं मिनिट संपलं, बाण थांबला, आणि उशी सावकाश वर आली. टम्म फुगून बसली. रिकाम्या खोलीत पाच मिनिटं ऊन तेवढं होतं. मग उशी पुन्हा दबली.

किशोरीने लॅपटॉप मिटला. दोघी उठल्या आणि बांगड्यांच्या चुलीकडे गेल्या. त्या दुपारी त्या दोघी फुगड्या खेळल्या, गाणी म्हटली, आणि मुबश्शिराची अम्मी म्हणाली, की ह्या पोरींना माळाची हवा मानवली.

५

शनिवारी संध्याकाळी किशोरीला एक प्रमाणपत्र आलं. तीन वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला आणि वाटेत सोडलेला एक ऑनलाइन अभ्यासक्रम तिने उत्तम गुणांनी पुरा केल्याबद्दल तिचं अभिनंदन. पाठोपाठ कुडाळच्या एका दाताच्या डॉक्टरांचं पत्र आलं, की तुमचं उत्तर उशिरा का होईना आलं, काम तुम्हालाच देतो. ते पत्र किशोरीने आठ महिन्यांपूर्वी अर्धं लिहून ठेवून दिलं होतं.

मग तिला पिवळा कागद आठवला. पहिलं झालं होतं, दुसरं झालं होतं. तिसरं चालू होतं. बाकीचं सगळं.

रविवारी सकाळी गाव परतायचं होतं. भांडी बांधून झाली, कोंबड्या टोपलीखाली गेल्या, आणि देवाकडून माणूस आला. "देवान कौल दिल्यान नाय. आजचो दिस हयच रवाचा."

कुणालाच वाईट वाटलं नाही. गावात असं क्वचित होतं, झालं तर बांधलेली भांडी पुन्हा सोडायची. बाबा तर गळ घेऊन खाडीवर निघालेच. "बरा झाला," ते म्हणाले. "घराक जावन करूचा काय?" जाता जाता त्यांनी किशोरीच्या डोक्यावर उगाच टप्पल मारली.

किशोरीला एकटीला ठाऊक होतं, की घरात काम संपलेलं नाही.

तिने लॅपटॉप उघडला. कॉम्प्युटर सरळ बंद करून टाकावा म्हणून तिने बाण खाली नेला, बंद करायचं बटण दाबलं. स्क्रीनवर पाटी आली: काम चालू आहे, तरी बंद करायचं? तिने "हो"कडे बाण नेईपर्यंत तो तिच्या हातातून निसटला आणि "नाही"वर जाऊन टेकला. पाटी गेली. तिथे समोर जे पान उघडलेलं होतं ते तिने लगेच ओळखलं.

ते पान तिचं पहिलं पान होतं. काम शिकत असताना सरावासाठी तिने घराण्याचा एक तक्ता बनवायला घेतला होता. नाव, जन्माचा रकाना, मृत्यूचा रकाना. पहिली ओळ करून बघायची म्हणून स्वतःच्या नावाची भरली, मग पणजोबांपासून खाली सगळे. तेव्हा बाबांनी खांद्यावरून बघून म्हटलं होतं, "जित्या माणसाच्या फुडे तो रिकामो रकानो कित्याक ठेवतंस? बरा दिसना नाय." त्यांचं मन राखायला तिने रकान्यांची नावं बदलून "पासून" आणि "पर्यंत" केली. तरी ते तिच्याही मनाला लागलं आणि तक्ता अर्धाच राहिला.

आता तो पुरा होत होता. पणजीची तारीख, जी घरात कुणालाच ठाऊक नव्हती, भरली गेली. धाकट्या चुलत आजोबांची भरली गेली. बाण एकेक ओळ खाली उतरत होता, वरच्या ओळी स्क्रीनबाहेर सरकल्या होत्या. मेलेली माणसं संपत आली होती. त्यांच्या खाली सुगंधाआत्याचं नाव होतं, आणि त्याच्या खाली बाबांचं. दोघांच्याही पुढे "पर्यंत"चा रकाना रिकामा.

घड्याळात बावीस मिनिटं झाली होती.

६

भिकाजी आजो देवळात गाऱ्हाणं घालायचा. गावाच्या वतीने देवाला काय ते सांगायचं काम साठ वर्षं त्याच्याकडे होतं. किशोरी लॅपटॉप कडेवर घेऊन धावत त्याच्या खोपीशी गेली आणि एका दमात सगळं बोलली. म्हातारा विडी विझवून ऐकत राहिला. त्याने कोण, कसं, काहीच विचारलं नाही.

"कागदार काय लिवलंस म्हणालंस?"

"बाकीचं सगळं."

आज्याने कपाळावर हात मारला. "असा कोण लिवता, बाय? आमी गाऱ्हाणा घालतंव तेव्हा कोण मागता, काय मागता, किती आणि खंयपर्यंत, सगळा सांगतंव. देवाक सुद्दा मोकळो कागद देवचो नसता. तू तर रिकाम्या गावात ठेवन इलंस."

"आता काय करू?"

"काम कोणी केल्यान ता इचारू नको. काम संपला, ह्या सांग. सांगणारीनच सांगूक होया."

घड्याळ सुट्टीवर गेलं. बाण सुगंधाआत्याच्या रिकाम्या रकान्यात उभा होता, तिथेच थांबला. पाच मिनिटं. किशोरीने एक कोरं पान उघडलं. बाण तिच्या बोटाने हलला, तेव्हा तिला रडूच आलं.

"लिव," आजो म्हणाला आणि डोळे मिटले. आवाज देवळातला लागला. "मी, आचऱ्याची किशोरी, हरिश्चंद्राचा चेडू. गुरवारी माझ्या टेबलार मी तीन कामा सांगून ठेवलंय. पयला काम पुरा झाला, माका पावला. दुसरा पुरा झाला, माका पावला."

किशोरी लिहीत होती. घाईत चुका होत होत्या.

"चुकीचा ठेव नको, सुदार," आजो डोळे न उघडता म्हणाला. "तिसरा काम मी अर्ध्या तोंडान सांगलंय. ती माझी चूक. जितक्या झाला तितक्या माका भरून पावला. जित्या माणसांचा ह्या कामात काय नाय. बाकी काय्येक उरूक नाय. हयसर माझा सांगणा संपला. आता ज्येचो तो आपल्या जाग्यार बरो."

"झाला?"

"वेळ किती?"

"अर्धा मिनिट."

"मगे झाला."

आजूबाजूला चार-दोन बायका जमल्या होत्या. त्यांना कशाचा पत्ता नव्हता, पण गाऱ्हाणं संपलं की काय म्हणायचं ते त्यांच्या अंगात भिनलेलं होतं. "होय महाराजा," त्या एका सुरात म्हणाल्या.

सुट्टी संपली. बाण हलला. आत्याच्या रकान्याकडे गेला नाही, तिने लिहिलेल्या पानावर आला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश फिरला, कुणी बोट ठेवून वाचावं तसा. मग मजकुराच्या खाली एकेक अक्षर उमटलं.

"होय."

घड्याळ बंद पडलं. मुबश्शिरा तोवर धापा टाकत येऊन पोचली होती. तिनेच हात लांब करून कॅमेरा उघडला. उशी फुगलेली होती. दोघी बघत बसल्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली, अर्धा तास गेला. उशी काही दबली नाही.

"बरो हॅकर होतो," मुबश्शिरा म्हणाली आणि तिनेच कॅमेरा बंद केला.

७

सोमवारी सकाळी कौल झाला. गाव गाजत वाजत घरी परतलं. किशोरीच्या खोलीत काहीही हललेलं नव्हतं. पिवळा कागद स्क्रीनला होता तसाच होता. तिन्ही ओळींपुढे बारीक, नेटकी खूण होती.

तिने बसायच्या आधी उशी उचलून उन्हात टाकली. मग उभ्या उभ्याच कॉम्प्युटरवर तो घराण्याचा तक्ता शोधला. आत्याचा रकाना रिकामा. बाबांचा रकाना रिकामा. तेवढं तिने बघितलं, वर सरकवून बाकीचं बघत बसली नाही. सगळा तक्ता एकदम पुसून टाकला आणि कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. मग खुर्चीत बसली आणि आवाज न करता खूप वेळ हसली. नवा कागद घेतला आणि लिहिलं: दहा वाजता पुण्याच्या ऑफिसाला नकार कळवणे, दोन ओळींत. त्यापुढे काही लिहिलं नाही. कागद कसा लिहायचा ते आता तिला कळलं होतं.

पण नकार कळवायला प्राजक्ता मॅडमचा होकार यायला हवा होता. तो पावणेदहाला आला. साइट सगळ्यांना आवडली होती. वर्षभराचं काम किशोरीचं.

"बाबा," ती ओरडली.

बाबा खिडकीबाहेरच होते, हातात पुसायचं फडकं होतं. तिने सांगितलं. त्याच फडक्याने त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "बरा झाला. ही खिडकी आता रोज पुसूक नको." मग ते अख्ख्या वाडीला सांगायला निघाले. आत्या आतून ओरडली, की येताना रवा घेऊन ये, शिरा करते.

किशोरी पत्राचा उरलेला भाग वाचायला वळली.

"एक लहानशी गोष्ट," प्राजक्ता मॅडमनी खाली लिहिलं होतं. "रविवारी सकाळचं तुमच्या स्क्रीनचं एक चित्र पाहत होते. तुमचा एक तक्ता उघडा होता. पहिल्याच ओळीत तुमचं नाव आहे आणि पुढे 'पर्यंत' म्हणून एक तारीख आहे. तुम्ही त्या दिवसापर्यंतच उपलब्ध आहात, असं मी धरलं. बरं झालं आधीच कळवलंत. ती तारीख मी आपल्या कॅलेंडरात टाकली आहे आणि तुम्हालाही पाठवली आहे. तेवढी उघडून 'हो' म्हणा, म्हणजे नोंद पुरी होईल. त्यानंतर काय करायचं ते आपण तेव्हा बघू."

त्या पत्राच्या वर दुसरं पत्र येऊन पडलेलं होतं. न उघडलेलं. ठळक अक्षरांत फक्त दोन शब्द दिसत होते: किशोरी, पर्यंत. त्यापुढचं, उघडल्याशिवाय दिसणार नव्हतं.

तिने बाण त्यावर नेला. बाण तिच्याच बोटाने हलत होता. बाहेर बाबा कुणाला तरी मोठ्याने सांगत होते, की आमचा चेडू आता खंय जाणां नाय. किशोरीने बाण मागे घेतला. पत्र होतं तिथेच राहू दिलं.

आत्या उन्हातली उशी झटकून घेऊन आली आणि खुर्चीच्या पाठीशी ठेवत म्हणाली, "मगे, सगळा पुरा झाला मां तुझा?"

"एक रवला आसा, आत्या."

"रवांदे," आत्या म्हणाली. "घाय काय आसा? फुडच्या गावपळणीक जावच्या आदी पुरा केलंस म्हणजे झाला."